पाण्यावरील गावात अर्धा दिवस

सहलीहून परतलेल्या विद्यार्थ्यांना काय पाहिले असे विचारले असता बहुधा ठरावीक उत्तरे मिळतात. खाऊ कोठे मिळाला, पाण्यात कोण घसरले, परतीच्या गाडीत कोणती गाणी म्हटली, हे मुले उत्साहाने सांगतात; परंतु ज्या स्थळासाठी एवढी यातायात केली, त्याविषयी त्यांना दोन वाक्येही नीट सांगता येत नाहीत. दोष मुलांकडे जात नाही. अर्ध्या दिवसात दहा ठिकाणे दाखविण्याचा हव्यास शिक्षक धरतात, त्याचे हे फळ होय. थोड्या वेळात एखादे स्थळ कसे पाहावे आणि कसे दाखवावे, याचा विचार करण्यासाठी प्रस्तुत पाठात एक परदेशीय उदाहरण घेतले आहे.

चीनमधील शांघाय शहराच्या पश्चिमेस सुमारे ५० किलोमीटरांवर झूजियाजियाओ नावाचे जुने जलनगर आहे. नावाचा अर्थ झू घराण्याचा कोपरा असा होतो. शांघायहून मार्गदर्शकाबरोबर अर्ध्या दिवसात पाहून येण्याचे स्थळ म्हणून त्याची ख्याती आहे. मोटारगाडीने साधारण तासाभराचा प्रवास आहे. २०१७ च्या डिसेंबरअखेर शहराची भुयारी रेल्वेही तेथवर पोचली. सकाळी निघालेला प्रवासी दुपारच्या जेवणाला शांघायला परत येऊ शकतो. जाण्यायेण्याचा वेळ वजा जाता गावात घालविण्यास जेमतेम अडीच-तीन तास उरतात. मार्गदर्शक हातातील लहान निशाण उंच धरून पुढे चालतो आणि मंडळी त्याच्या मागे गल्लीबोळांतून धावतात. पूल, देऊळ, टपालघर, उद्यान, नावेची फेरी आणि दुकाने अशी यादी पुरी होते. सहल संपते.

ग्रामीण शाळेतील वर्ग चीनला जाणार नाही हे उघड आहे. तथापि नकाशा टांगून हा पाठ वर्गात शिकविता येतो. आणि आपल्या तालुक्यातील एखादा घाट, जुना पूल किंवा बाजारपेठ दाखविण्यास मुलांना नेताना हीच रीत वापरता येते. रीत साधी आहे. निघण्यापूर्वी एक प्रश्न ठरवावा आणि सबंध सहलभर त्याचाच माग काढावा. येथे प्रश्न असा घ्यावा : या गावातील पुलांना पायऱ्या का आहेत?

प्रश्नाकडे वळण्यापूर्वी शिक्षकाने एका शब्दाचा उलगडा करणे अगत्याचे आहे. कालवा म्हटले की महाराष्ट्रातील मुलाच्या डोळ्यांपुढे नीरेचा किंवा गोदावरीचा कालवा उभा राहतो : धरणातून अथवा बंधाऱ्यातून निघालेला, उताराने वाहणारा, पाळीपाळीने शेताला पाणी देणारा. झूजियाजियाओचे कालवे या जातीचे नव्हेत. तेथे पाणी आणावयाचे नसते, ते मुबलक असतेच. यांगत्से नदीच्या मुखाजवळचा तो सखल गाळाचा प्रदेश, त्यात ताइ नावाचे विस्तीर्ण सरोवर, शिवाय लहान तळी व नद्या असंख्य. गावाच्या लगतच सुमारे ६२ चौरस किलोमीटरांचे दियेनशान सरोवर पसरले आहे. अशा भूमीत कालवा खणावयाचा तो पाण्याला वाट देण्यासाठी आणि नावेला रस्ता देण्यासाठी. म्हणून कालव्याऐवजी जलमार्ग हा शब्द योजल्यास मुलांचा गोंधळ होणार नाही. दक्षिणेस हांगझोऊपासून उत्तरेस बेइजिंगपर्यंत जाणारा चीनचा प्रसिद्ध महाकालवा हाही मुख्यतः असा वाहतुकीचाच मार्ग होता. इ. स. ६०५ ते ६१० या काळात सुई घराण्याच्या सम्राटाने त्याचे जुने तुकडे जोडून व नवे खणून तो सलग केला. २०१४ साली युनेस्कोने त्यास जागतिक वारशात स्थान दिले. झूजियाजियाओ त्या मुख्य मार्गावर वसलेले नाही. मोठ्या रस्त्याला मिळणाऱ्या गाडीवाटा असाव्यात, तशा या परिसरातील लहान जलमार्गांच्या जाळ्यात ते बसले आहे.

या जलमार्गांचे शेतीशी असलेले नाते मात्र शेतकऱ्याच्या मुलाला चटकन उमगेल, आणि मार्गदर्शक ते क्वचितच सांगतो. सखल जमिनीभोवती बांध घालून तेथील शेतकऱ्यांनी भातशेते तयार केली. कोकणातील आणि गोव्यातील शिक्षकांना यावरून खाजण जमिनींची आठवण होईल. फरक इतकाच की खाजणात खारे पाणी बाहेर ठेवावे लागते, तेथे गोडे. बांधाबाहेरच्या जलमार्गात वर्षभर गाळ साचे. शेतीची कामे कमी झाली की शेतकरी नावेतून जात, बांबूच्या लांब काठ्यांना जोडलेल्या टोपल्यांच्या चिमट्याने तळाचा चिखल उपसून काढीत आणि तोच चिखल शेतात व तुतीच्या बागांत खत म्हणून पसरीत. एकाच श्रमात जलमार्ग खोल राही, शेताची पातळी किंचित वर येई आणि पिकाला कस मिळे. जलमार्गाची डागडुजी करण्यास वेगळा मजूर लावावा लागत नसे; शेतकऱ्याची गरजच ते काम करून घेई. पुढे रासायनिक खते सुलभ झाली तेव्हा ही प्रथा मागे पडली, आणि उपसा थांबताच गाळ साचू लागला. खत आणि नौकानयन यांचा असा संबंध असेल हे प्रथमदर्शनी कोणाच्याही ध्यानी येणार नाही. आपल्याकडे तलावातील गाळ उपसून शेतात नेण्याची रीत मुलांनी पाहिली असल्यास शिक्षकाने तिचा उल्लेख येथे अवश्य करावा.

आता पूल. गावातील सर्वांत मोठ्या पुलाचे नाव फांगशंग असे आहे. १५७१ साली शिंगछाओ नावाच्या बौद्ध भिक्षूने लोकांकडून द्रव्य जमवून तो बांधविला आणि १८१२ साली त्याची पुनर्बांधणी झाली. पाच कमानी, लांबी सुमारे ७० मीटर, रुंदी सहा मीटरांहून थोडी कमी. मधली कमान सर्वांत उंच व रुंद असून दोहों बाजूंच्या कमानी क्रमाने लहान होत जातात, त्यामुळे पुलाची पाठ उंटाच्या मदारीसारखी वर चढते व खाली उतरते. चढउतार पायऱ्यांचा आहे. बैलगाडीच्या देशातून गेलेल्या माणसाला हा पूल प्रथम चुकीचा बांधला आहे असे वाटते. यावरून गाडी कशी न्यावी?

उत्तर असे की गाडी न्यावयाचीच नव्हती. या प्रदेशात भात, कापड, मीठ, विटा, लाकूड, नवरीचे सामान, सारे नावेने जाई. पुलावरून जात ती पायी चालणारी माणसे, खांद्यावर कावड घेतलेले हमाल आणि फार तर एखादी पालखी. त्यांना पायऱ्यांची अडचण नव्हती. उलट पूल सपाट व बुटका बांधला असता तर त्याखालून जाणारी भरलेली नाव अडली असती. रस्ता आणि जलमार्ग एकमेकांस छेदतात तेथे कोणीतरी वाकावे लागते. झूजियाजियाओमध्ये वाकण्याचे काम रस्त्याकडे आले. ज्याच्याकडून गावाचे पोट भरत होते त्याला सरळ वाट मिळाली, असा याचा अर्थ आहे. पुलाचे खांब बारीक आणि कमानी पातळ आहेत, यालाही कारण आहे. खाली भुसभुशीत गाळ, त्यावर जड बांधकाम खचते. आणि जाड खांब नावांची वाटही अडवितात. शिवाय गाळाच्या मैदानात दगड मिळत नाही. जुन्या पुलांचे दगड दूरच्या डोंगरांतून आणावे लागत, आणि तेही नावेनेच येत.

पुलाच्या नावाविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. फांगशंग म्हणजे जीवांना मोकळे सोडणे. धरलेले मासे, कासवे पुन्हा पाण्यात सोडणे हे बौद्ध लोक पुण्यकर्म मानतात, आणि या पुलाखाली मासेमारीस मनाई असे. भूतदयेची ही कल्पना भारतातून गेलेल्या बौद्ध धर्माबरोबर चीनमध्ये रुजली, त्यामुळे ती मुलांना परकी वाटणार नाही. मात्र आज पुलाजवळ पाण्याने भरलेल्या पिशव्यांतून लहान मासे विकावयास ठेवलेले दिसतात. प्रवासी ते विकत घेऊन नदीत सोडतात. सोडण्यासाठीच आधी धरलेले हे मासे पाहून एखादा विद्यार्थी विचारील की यात पुण्य कोणाचे? शिक्षकाने घाईने उत्तर देऊ नये. वर्गात या प्रश्नावर अर्धा तास चांगली चर्चा होऊ शकते, आणि तेवढा वेळ त्यास द्यावा.

पुलाखालून वाहणाऱ्या नदीचे नाव त्साओगांग. यातील पहिल्या शब्दाचा अर्थ जलमार्गाने पाठविण्याचे सरकारी धान्य असा आहे. म्हणजे नावातच इतिहास साठलेला आहे. मिंग राजवटीत, विशेषतः सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, येथील बाजार भरभराटीस आला तो दोन वस्तूंवर : तांदूळ व कापड. याचे कारण जवळच्या सुंगजियांग भागात शोधावे लागते. त्या भागात कापसाचे पीक मोठे होते आणि तेथील सुती कापडाची कीर्ती दूरवर पोचली होती. परंतु ज्या घरी कापूस पिकतो त्या घरी भात कमी पिकतो. शेतकरी कापूस लावी, त्याच्या घरच्या स्त्रिया सूत कातीत व कापड विणीत, आणि ते कापड विकून खाण्यास तांदूळ घ्यावा लागे. कापड जाणार आणि तांदूळ येणार, तर दोहोंची गाठ पडण्यास एक ठिकाण हवे. सरोवर व नद्या जेथे मिळतात तेथे ते सहज तयार झाले. गावाच्या जागेचे कोडे येथे बहुतांशी सुटते.

कापसाची ही कथा भारतीय शिक्षकाला विशेष जवळची वाटावी. आशियात जो देशी कापूस पूर्वी सर्वत्र पिके, त्याची लागवड प्रथम भारतीय उपखंडात झाली आणि तेथून तो पूर्वेकडे गेला. सुंगजियांगमध्ये कापसाचा उद्योग वाढविण्याचे श्रेय ह्वांग ताओपो या स्त्रीला दिले जाते. तेराव्या शतकातील ही गरीब घरची स्त्री दक्षिणेस हायनान बेटावर गेली, तेथील ली लोकांकडून कापूस कातण्या-विणण्याच्या सुधारलेल्या रीती शिकली आणि १२९५ च्या सुमारास आपल्या गावी परतून तिने त्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना शिकविल्या. सरकी काढणे, कापूस पिंजणे आणि एकाच वेळी तीन चात्यांवर सूत कातणे, या कामांत तिने सुधारणा केल्या असे सांगतात. विदर्भ व खानदेशातील शाळांत हा भाग सावकाश शिकवावा.

जुन्या गावातील रस्ते अरुंद आहेत. दोन्ही बाजूंची घरे दुमजली, वरच्या मजल्यांच्या वळचणी समोरासमोर इतक्या जवळ येतात की मधून आकाशाची पट्टीच काय ती दिसते. घराचे पुढचे दार रस्त्यावर आणि मागचे पाण्यावर. मागच्या दारातून दगडी पायऱ्या पाण्यात उतरतात. तेथेच धुणे, भांडी, भाजी धुणे चाले आणि तेथेच नावेतील माल उतरे. काठाच्या भिंतीत नावेचा दोर ओवण्यासाठी आरपार छिद्र पाडलेले दगड बसविले आहेत. बैलाच्या नाकात वेसण घालावी तसा दोर त्यात जातो, आणि चिनी लोकही अशा दगडांना बैलाच्या नाकाचीच उपमा देतात. मार्गदर्शक पुढे निघून जातो. शिक्षकाने मात्र मुलांना येथे थांबवून त्या छिद्रांच्या कडा बोटांनी चाचपून पाहावयास सांगितले असते.

नावेच्या फेरीतही असेच एक पाहण्याजोगे यंत्र आहे. नावाडी नावेच्या मागील टोकाला उभा राहतो व एकच लांब वल्हे डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे हलवितो. वल्हे पाण्याबाहेर येत नाही. माशाची शेपटी हलावी तसे ते पाण्यातच फिरते. दोन्ही बाजूंस वल्ही पसरावी लागत नसल्याने अरुंद जलमार्गातून दोन नावा एकमेकींशेजारून निघून जातात. साधन साधे, पण जागेचा नेमका विचार करून घडविलेले.

टपालघर, औषधाचे जुने दुकान व देवळे यांसाठी फार थांबण्याचे कारण नाही. चीनची सरकारी टपालव्यवस्था १८९६ साली सुरू झाली आणि येथील जुने टपालघर त्या छिंग राजवटीच्या अखेरच्या काळातील आहे, एवढे सांगून पुढे जावे. देवळात जाणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी : चिनी बौद्धांच्या छान या पंथाचे नाव आपल्या ध्यान या शब्दापासूनच झाले आहे. त्याची परतफेड चीनने चहा हा शब्द आपल्याला देऊन केली, असे विनोदाने म्हणता येईल. येथील दुकानांत पानांत गुंडाळून शिजविलेले चिकट भाताचे त्रिकोणी गोळे मिळतात. पाचव्या चांद्रमासातील पंचमीच्या सणाला ते घरोघरी करतात. मुलांच्या वहीत ही नोंद आपोआपच येईल.

कझी उद्यानाला मात्र वेळ द्यावा. १९१२ साली मा वनछिंग नावाच्या श्रीमंत गृहस्थाने ते बांधावयास घेतले व पुरे होण्यास सुमारे पंधरा वर्षे लागली. तळी, मंडप, कृत्रिम टेकड्या हे सर्व तेथे आहे आणि त्याचे कौतुकही पुष्कळ होते. परंतु शिक्षकाने त्याचे नाव पाहावे. त्यातील पहिले अक्षर अभ्यासाचे, दुसरे लागवडीचे. विद्या शिकावी, पण लावणी विसरू नये, असा मालकाचा भाव होता. म्हणून एका भागात ग्रंथालय आणि दुसऱ्या भागात भाताचे लहानसे शेत ठेवले. एवढ्या धनिकाने हौसेसाठी ठेवलेल्या वाफ्याला शेती म्हणावे काय, अशी शंका रास्त आहे. ज्यांच्या शाळेमागे खरोखरीचा वाफा आहे आणि ज्यांचे विद्यार्थी लावणीच्या दिवसांत शाळेत येत नाहीत, त्या शिक्षकांना या नावातील अवघड बाजू अधिक कळेल.

येथवर आल्यावर मुलांना पुन्हा पुलावर न्यावे, निदान मनाने तरी. पुलाच्या माथ्यावर दहा मिनिटे उभे राहून खालून जाणाऱ्या नावा मोजाव्यात व प्रत्येकीत काय आहे ते लिहावे. नावांत माणसे आढळतील, प्रवासीच बहुतेक; भात किंवा कापड भरलेली नाव दिसणार नाही. जलमार्ग आहे, नावा आहेत, पूल आहेत, पण ज्या मालासाठी हे सारे निर्माण झाले तो माल आता रस्त्याने व रेल्वेने जातो. गावाचा धंदा पाहुण्यांना गाव दाखविण्याचा झाला आहे. दुकानदार बाहेरून येतात, घरांच्या खानावळी व अतिथिगृहे होतात, आणि काही घरांत अजून वृद्ध मंडळी राहतात. हे वाईट की चांगले, याचा निवाडा मार्गदर्शक करीत नाही. पर्याय काय होता ते मात्र जाणून घ्यावे. ज्या शांघायमधून ही सहल निघते तेथील यांगजिंगपांग हा जलमार्ग १९१४ च्या सुमारास बुजवून त्यावर रुंद रस्ता करण्यात आला. आज तेथून मोटारी धावतात. या प्रदेशातील अनेक गावांत व शहरांत असेच घडले. जेथे पक्का रस्ता उशिरा पोचला तीच गावे पुष्कळशी वाचली. १९८० नंतरच्या दशकात तुंगजी विद्यापीठातील नगररचनाकार रुआन यीसान यांनी झोऊज्वांग, तुंगली यांसारख्या जलनगरांच्या रक्षणाच्या योजना आखल्या, तेव्हा पुष्कळांना जुने पूल व कुबट गल्ल्या राखण्यात अर्थ वाटत नव्हता. गावकऱ्यांना रस्ता हवा होता आणि त्यांची मागणी गैर नव्हती. दवाखान्यात नेण्याच्या रोग्याला पायऱ्यांच्या पुलावरून न्यावे लागते, हे फक्त पाहावयास आलेल्या माणसाच्या ध्यानी येत नाही.

वर्गात हा पाठ देताना चित्रांपेक्षा परातीचा उपयोग अधिक होतो. मोठ्या परातीत ओली माती थापावी, बोटाने जलमार्ग कोरावेत व त्यांत पाणी सोडावे. कागदाच्या नावेवर काडीकाडीने पेंढा रचून ती मुलांकडून चालवावी. नंतर पुठ्ठ्याचा पूल करावयास सांगावे. पुलाला कमान असावी की नसावी याविषयी शिक्षकाने काही बोलू नये. मुले बहुधा सपाट पूल करतील आणि भरलेली नाव त्याला अडेल. कोणी नावेवरील पेंढा कमी करील, कोणी पूल उचलून धरील, कोणी पाणी काढून टाकील. तिन्ही उपाय करून पाहू द्यावेत व प्रत्येकाने काय बिघडले ते फळ्यावर लिहावे : माल कमी गेला, पुलावरची माणसे अडली, नाव तळाला टेकली. पुठ्ठा वाकविण्याची युक्ती ज्याला सुचेल त्याने मग त्यावर काडेपेटीची गाडी चढवून दाखवावी. ती घसरेल. त्यानंतरच फांगशंग पुलाचे चित्र वर्गापुढे धरावे.

आपल्या गावी नेण्याच्या सहलीसाठीही असाच एखादा प्रश्न आधी शोधून ठेवावा. आठवड्याचा बाजार याच गावी का भरतो, जुन्या पेठेचे तोंड नदीकडे का आहे, घाटाच्या पायऱ्या एका बाजूलाच का झिजल्या आहेत, असे प्रश्न जवळपास असतात. शिक्षकाने त्या जागी आधी एकदा एकट्याने जाऊन यावे म्हणजे ते दिसतात. परातीतील गाव दुसऱ्या दिवसापर्यंत मोडू नये. मधल्या सुट्टीत मुले तिच्याभोवती पुन्हा जमतात आणि आदल्या दिवशी गप्प बसलेला विद्यार्थी कित्येकदा त्या वेळी बोलू लागतो.